कयाकवरून मस्की लागते, पण हाती येत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमानं

अमेरिकेत मस्कीला, म्हणजे गोड्या पाण्यातल्या एका मोठ्या, दातेरी शिकारी माशाला, ‘दहा हजार फेकींचा मासा’ म्हणतात. आकडा शब्दशः घ्यायचं कारण नाही, पण चार-पाच दिवस गरवल्यावर एखादा धक्का बसतो हे खरं. म्हणूनच तो धक्का बसून तीन सेकंदांत लाइन सैल पडली की जिवाला फार लागतं. एकदा झालं तर सोडून द्यावं. एका मोसमात तीन-चार वेळा झालं, तर दोष सामानात आहे, बसण्यात आहे किंवा झटका मारण्याच्या पद्धतीत आहे, आणि तो शोधून काढता येतो.

खालची तपासणी मध्यम आकाराच्या, वाहत्या नद्यांसाठी आहे: विस्कॉन्सिनमधली चिपेवा आणि फ्लॅम्बो, मिनेसोटातली वरची मिसिसिपी, व्हर्जिनियातली न्यू आणि जेम्स, टेनेसीतली कॉलिन्स. मासा आमिषामागे नुसता येतो आणि तोंडच उघडत नाही, हे दुखणं वेगळं. इथे मासा आमिष तोंडात घेतो, वजन जाणवतं आणि मग सुटतो, एवढंच धरलं आहे.

लक्षणं

सुटण्याचे प्रकार वेगवेगळे असतात आणि प्रत्येकाचं मूळ वेगळं असतं. तुमचा कोणता ते आधी ओळखा.

– जोराचा धक्का, एक-दोन सेकंद वजन, मग काहीच नाही. हुक रुतलाच नव्हता.
– मासा पाच-दहा सेकंद लढतो, वर येऊन तोंड उघडून डोकं झाडतो आणि आमिष हवेत उडतं. हुक जेमतेम रुतला होता, किंवा मधेच लाइनला ढील मिळाली.
– कयाकच्या (बसून वल्हवायच्या छोट्या होडीच्या) बाजूलाच, शेवटच्या वळणावर, म्हणजे फेकीच्या शेवटी आमिष पाण्यात वळवताना, मासा धरतो आणि लगेच सुटतो.
– रीळ गचके देत सुटतं: थोडं अडतं, मग एकदम धावतं.
– हुक सरळ झालेला किंवा आमिषाची कडी (स्प्लिट रिंग) उघडलेली परत येते.
– लाइन तुटते. टोक कुरतडल्यासारखं असेल तर दगडानं किंवा रॉडच्या फुटक्या कडीनं. एकाच घावात स्वच्छ कापलेलं असेल तर दातानं. पिळवटून कुरळं झालेलं असेल तर गाठ सुटली.

मासा सुटल्यावर पुढची फेक टाकायची घाई सर्वांना होते. ती आवरा. आमिष हातात घेऊन उजेडात फिरवून बघा. दातांचे ओरखडे शेपटाकडे आहेत की मधोमध? हुकाची तिन्ही टोकं शाबूत आहेत का? लीडर (आमिषाआधीचा, दातांना टिकणारा जाड तुकडा) कुठे खरवडला आहे? हे दोन मिनिटांचं निरीक्षण निम्मं निदान करतं, आणि पुढची फेक पडली की हा पुरावा धुऊन जातो.

पहिली तपासणी: हुकाचं टोक (खर्च नाही)

ट्रेबल हुकाचं (तीन टोकांच्या गळाचं) टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं टेकवा आणि अजिबात जोर न लावता ओढा. टोक नखात अडकलं आणि पांढरी रेघ उठली तर धार आहे. घसरलं तर नाही. तिन्ही टोकं वेगळी तपासा; बहुतेकदा तळाकडचं एक बोथट असतं, कारण दगडावर तेच घासतं. नदीत हा त्रास तलावापेक्षा कितीतरी जास्त. तळाला गोटे, काठाला पडलेली झाडं. आमिष एकदा खडकावर आपटलं की टोक सुईसारखं दिसतं, पण अगदी शेवटचा कण मुडपलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, नखाला कळतो.

मस्कीचं तोंड वरून हाडाचं, आतून दातांनी भरलेलं. हुक जिथे खरोखर टिकतो ती जागा म्हणजे जबड्याचा कोपरा आणि त्यालगतची कातडी. बोथट टोक हाडावरून घसरत त्या कोपऱ्यापर्यंत जातं खरं, पण रुतत नाही.

बारीक दातांची छोटी कानस जवळ ठेवा. वाकापासून टोकाकडे, एकाच दिशेनं, प्रत्येक बाजूला तीन-चार हात. मागेपुढे घासलं तर टोकावर कणी उठते. टोक मुडपलेलंच असेल तर घासत बसू नका, हुक बदला. दगडाला किंवा लाकडाला आमिष लागलं की पुढच्या फेकीआधी नख लावून बघायचं, ही सवय हाताला लागली पाहिजे.

हुकाचा उलटा काटा पक्कडीनं दाबून टाकावा, असं आमचं ठाम मत आहे. काटा दाबलेला हुक कमी जोरात पूर्ण रुततो, आणि कयाकवर जोर कमीच मिळतो. शिवाय मांडीपासून हातभर अंतरावर तडफडणारा मासा आणि सहा-सात टोकं असतात. काटा नसला की मासा सुटेल ही भीती लाइन सैल पडू देणाऱ्यालाच असते. त्याचा उपाय पुढे आहे.

दुसरी तपासणी: ड्रॅग (सामान तोलायचा काटा पुरे)

ड्रॅग म्हणजे रिळाचा ब्रेक: ठरावीक ओढीपलीकडे तो लाइन सुटू देतो. तपासणी घरीच करा. लाइन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून प्रवासाच्या बॅगा तोलायच्या हुकाच्या काट्याला बांधा. रॉड ४५ अंशांत धरा आणि दुसऱ्याला काटा सावकाश ओढायला सांगा. रीळ सुटायला लागतं तो आकडा बघा, आणि सुटत असताना काटा कुठे स्थिर राहतो तोही बघा. कयाकसाठी सुटण्याचा आकडा ५ ते ७ किलोच्या दरम्यान ठेवावा. मोठ्या मोटारबोटीवरचे लोक याहून घट्ट ठेवतात किंवा ड्रॅग जवळपास बंदच करतात. त्यांची नकल करू नका. बाजूलाच धरलेल्या माशाच्या आणि तुमच्या मधे दोन हात लाइन असते, ती ताणत नाही, आणि बंद ड्रॅगवर एकतर हुकाचं भोक फाटतं, हुक सरळ होतो किंवा कयाक कलंडायला लागते.

दोन आकड्यांत फार फरक असेल, म्हणजे आठ किलोला सुटून चारवर चालत असेल, तर ड्रॅगच्या चकत्या चिकटल्या आहेत. गचके देत सुटण्याचं हेच कारण. दिवस संपल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. घट्ट दाबून महिनोन्‌महिने ठेवलेल्या चकत्या अशाच चिकटतात.

इथे एक फसवी गोष्ट आहे. ड्रॅग ठीक, तरी झटक्याच्या वेळी लाइन सुटते. अशा वेळी स्पूलवर (रिळातल्या, लाइन गुंडाळलेल्या फिरकीवर) नजर ठेवून लाइन जोरात ओढा. स्पूल जागच्या जागी राहून वरची सगळी लाइन त्याच्याभोवती गोल सरकत असेल, तर ब्रेडेड (धागे विणून केलेली) लाइन थेट गुळगुळीत धातूवर गुंडाळली आहे. तिला पकड नाही. तळाला दहा-पंधरा मीटर साधं तंगूस (एकपदरी नायलॉन) गुंडाळून त्यावर ब्रेडेड बांधा, की प्रश्न मिटला. ड्रॅगच्या नावानं नवं रीळ आणणारे पुष्कळ असतात. त्यांतल्या कित्येकांचं काम एवढ्या तंगुसानं झालं असतं.

तिसरी तपासणी: लाइन, लीडर, कड्या

ब्रेडेड लाइन ८० पौंडांची (म्हणजे तेवढी ओढ सोसणारी) असावी, ६५ ही चालते. साधं तंगूस मुख्य लाइन म्हणून नको: ते ताणतं, आणि वीस मीटरवरच्या माशाला मारलेला झटका त्या ताणातच विरतो. रोज सुरुवात करण्याआधी शेवटची मीटरभर लाइन कापून गाठ नव्यानं बांधा. तेवढाच भाग दगडांवर घासलेला असतो.

लीडर म्हणजे १०० ते १३० पौंडांचा फ्लोरोकार्बन (घासाला टिकणारी कडक प्लास्टिकची लाइन), साधारण फूटभर ते दीड फूट. याहून लांब केला तर शेवटच्या वळणाला गाठ रॉडच्या टोकाच्या कडीत शिरते आणि अडकते. लीडर दोन नखांच्या चिमटीतून सावकाश ओढा. खरखर लागली की बदला. झटके देऊन चालवायच्या लाकडी आमिषांना तारेचा लीडर बरा.

आमिषाची कडी उघडलेली दिसली तर तिला पुन्हा दाबून वापरू नका. एकदा फाकलेली कडी दुसऱ्यांदा सहज फाकते.

चौथी तपासणी: आमिषच मोठं आहे का

मस्कीला मोठं आमिष हवं हा समज खरा आहे, पण कयाकवर त्याची किंमत मोजावी लागते. मासा लाकडी किंवा जाड रबरी आमिष मधोमध चावतो, दात त्यात रुतून बसतात आणि आमिष जबड्यात घट्ट पकडलेलं राहतं. तुम्ही झटका मारता तेव्हा हुक हलत नाही, अख्खा मासा तुमच्याकडे ओढला जातो. मग तो तोंड उघडतो आणि आमिष थुंकतो. वर सांगितलेले दातांचे ओरखडे मधोमध आणि खोल असतील, तर हेच घडलं.

पहिला उपाय लहान आमिष: १५ ते २० सेंटिमीटर, दोन ट्रेबल. दुसरा उपाय फिरत्या पात्याचं झुपकेदार आमिष (बकटेल). त्यात चावायला घन असं काहीच नसतं, म्हणून दात अडकत नाहीत आणि हुक सरकून कोपऱ्यात जातो. कयाकवरून नव्यानं मस्की गरवणाऱ्यानं पहिला पूर्ण मोसम बकटेलवरच काढावा. ओरखडे शेपटाकडे असतील तर मासा मागून चावतो आहे. रबरी आमिषाच्या शेपटाजवळ एक जादा हुक लावा.

हुकाच्या जाडीचा हिशेब मात्र दोन्ही बाजूंनी आहे. जाड तारेचा हुक सरळ होत नाही, पण रुतायला जास्त जोर मागतो. सुटतानाचं लक्षण ‘हुक सरळ झाला’ असेल तरच जाड घ्या.

पाचवी तपासणी: पाण्याची धार, कोन आणि सरकणारी कयाक

खर्च इथेही नाही, पण वेळ लागतो. आणि वरचं सगळं ठीक असूनही मासे सुटत असतील, तर बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं.

आधी धार. आमिष वरच्या बाजूला, धारेच्या विरुद्ध फेकलं की पाणी ते तुमच्याकडेच आणतं. तुमचा हात धारेपेक्षा हळू फिरला की लाइनला पोट पडतं. पात्याची थरथर हातात जाणवत असते म्हणून सगळं ठीक वाटतं, पण मासा धरतो तेव्हा झटक्याचा पहिला हिस्सा ते पोट सरळ करण्यात जातो. तपासायची रीत सोपी: रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतची लाइन बघा. ती खाली झुकलेली किंवा धारेबरोबर वाकलेली दिसली की ढील आहे. शक्यतो आडवी, किंचित खालच्या अंगाला फेक टाका. मोठ्या दगडामागचा शांत पट्टा, पडलेल्या झाडाची खालची बाजू, ओढा नदीला मिळतो ती कड, अशा जागी मासा बसलेला असतो. त्या जागेच्या बरोबर वर न राहता बाजूला राहून फेकलं तर लाइनही ताठ राहते आणि ओढ माशाच्या तोंडाच्या कोपऱ्याकडे जाते. अगदी सरळ वरच्या बाजूला बसून मारलेला झटका आमिष तोंडातून पुढेच ओढून काढतो.

आता कयाक. मोठी बोट टनभर वजनाची असते, ती झटक्यानं हलत नाही. तुमची कयाक ४० किलो, तुम्ही ७५, सामान १५. म्हणजे १३० किलोंचं एक गुळगुळीत ओझं पाण्यावर तरंगतं आहे. माशानं आणि तुम्ही मिळून सहा किलोची ओढ एक सेकंदभर ठेवली, तर कयाक माशाच्या दिशेनं सेकंदाला जवळपास ४५ सेंटिमीटर वेगानं सरकायला लागते. पाण्याचा अडथळा धरला तर आकडा थोडा खाली येतो, एवढंच.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. झटका वाया जात नाही, कारण झटका पाव-अर्ध्या सेकंदाचा असतो आणि तेवढ्यात कयाक फारशी हलत नाही. वाया जातो तो झटक्यानंतरचा सेकंद. रॉड मागे गेला, तुम्ही थांबलात, ‘लागला का?’ म्हणून बघितलंत. तोवर मासा क्षणभर स्थिर आणि कयाक त्याच्याकडे घरंगळते आहे. पाव-अर्ध्या मीटरची ढील तिथल्या तिथे तयार होते. मस्की तेव्हाच डोकं झाडते.

म्हणून झटका आणि रीळ या दोन क्रिया वेगळ्या ठेवू नका. धक्का जाणवला की आधी रीळ फिरवून वजन घ्या, मग रॉड कमरेच्या उंचीवर आडवा, मासा ज्या दिशेला चालला आहे त्याच्या उलट खेचा, आणि खेचता खेचता रीळ फिरवत राहा. बहुतेक मस्की-रिळांवर हाताच्या एका फेरीला ६० ते ७० सेंटिमीटर लाइन येते. म्हणजे नुसतं सरकणं भरून काढायलाच सेकंदाला जवळपास पाऊण फेरी लागते. त्यावर जे फिरवाल तो खरा ताण. पहिले पाच सेकंद हात थांबता कामा नये. डोक्यावरून मागे झटका मारू नका. खुर्चीत बसून रॉडला मागे जागाच नसते, आणि तोल जातो.

महाराष्ट्रातल्या नद्यांवर, धरणांवर मरळ गरवून इकडे आलेल्यांना एक सवय मोडावी लागते. रबरी बेडकावर मरळ उडाली की आपण क्षणभर थांबतो, तिला बेडूक तोंडात फिरवू देतो. तिथे ते बरोबर आहे. मस्कीला तो क्षण दिलात तर ती आमिष थुंकते. वजन लागलं की लगेच.

कयाकचा रोख कसा असावा? नाक माशाकडे असेल तर ती सर्वांत सहज सरकते. पूर्ण आडवी असेल तर पाणी तिला धरून ठेवतं, पण कलंडायचा धोका. अर्धवट तिरकी, साधारण ४५ अंशांत, हा मधला मार्ग. पायांच्या आधारावर दोन्ही तळवे टेकलेले हवेत. पाय मोकळे असतील तर जोर कंबरेतच जिरतो. पायाच्या पॅडलची कयाक असेल तर पाती तळाला चिकटवून घ्या, नाहीतर लाइन त्यांत गुंतते. सुकाणू आणि मासा-शोधकाचा सेन्सर यांचंही तेच.

आणखी एक बारीक गोष्ट: रॉडचा मागचा दांडा लाइफ जॅकेटच्या खिशात किंवा पट्ट्यात अडकतो का, ते कोरड्या जमिनीवर जॅकेट घालून, खुर्चीत बसून तपासा. बोटीसाठी बनवलेल्या रॉडचा दांडा लांब असतो. खेचायच्या ऐन वेळी तो पोटाशी अडला की झटका अर्ध्यावर संपतो, आणि माणूस दोष माशाला देतो. जॅकेट मात्र काढायचं नाही. दांडा आखूड असलेला रॉड घ्या.

नांगराबद्दल स्पष्ट लिहितो. शांत डोहात दीड किलोचा घडीचा नांगर उपयोगी आहे. पण वाहत्या नदीत तो फक्त नाकावरून किंवा शेपटाकडून, धारेच्या सरळ रेषेत लावायचा. बाजूला बांधलेला नांगर धारेत कयाक आडवी करून उलटी करतो, त्याला दोन-तीन सेकंद पुरतात. दोरीचं वरचं टोक एका हातानं सुटलं पाहिजे आणि तिला तरंगता गोळा बांधलेला असावा: मासा लागला की दोरी सोडून द्यायची, गोळा नंतर उचलायचा. दोरी कापायला सुरी जॅकेटवर लावलेली हवी. धारेत पाण्याची ओढ गुडघ्याला जड वाटते अशा जागी नांगर टाकूच नका.

सहावी तपासणी: बाजूचं वळण

पाण्याजवळ बसल्यामुळे मासा मागे आलेला उशिरा दिसतो. म्हणून दिसो वा न दिसो, प्रत्येक फेकीच्या शेवटी वळण घ्यायचं. बोटीवर उभं राहून इंग्रजी आठच्या आकड्यात आमिष फिरवतात. कयाकवर मोठा लंबगोल जास्त जमतो. लीडरच्या वर वीतभर लाइन सोडा, रॉडचं टोक पाण्यात बुडवा आणि पुढून बाजूला, बाजूकडून बाहेर असं रुंद वळवा. मस्की लांबलचक मासा आहे, तिला आखूड वळणावर वळता येत नाही; ती आमिष चुकवते आणि हुक तोंडाला बाहेरून खरवडतो. साडेआठ फुटी रॉडनं हे वळण सोपं होतं, सात फुटीनं अवघड.

तिनं बाजूला धरलं तर तिच्या शेपटीच्या दिशेनं खेचा, उचलू नका. उचललं की आमिष उघड्या तोंडातून वर निघतं. आणि खेचून झालं की लगेच अंगठा स्पूलवर ठेवून लाइन सोडायला तयार राहा. ती कयाकखाली गेली तर रॉडचं टोक खोल पाण्यात घालून नाकावरून पलीकडे फिरवा. कयाकच्या काठावर टेकलेला रॉड मोडतो.

वर येऊ लागली तर टोक पाण्यात ठेवून बाजूला ओढा. खाली बसल्याचा हा एक फायदा आहे, ओढ आपोआप आडवी लागते.

सातवी तपासणी: रॉड आणि रीळ (इथून खर्च सुरू)

रॉड ‘हेवी’ ताकदीचा हवा. बासचा (त्याहून लहान माशासाठीचा) रॉड मुठीपर्यंत वाकतो आणि हुकाला काहीच पोहोचत नाही. जुन्या रॉडच्या प्रत्येक कडीच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला की त्या कडीला तडा आहे आणि तीच तुमची लाइन कुरतडते आहे. कडी दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घ्या.

रिळात झटक्याच्या वेळी हँडल किंचित उलटं फिरतं का बघा. लाइन अडकवून दोन-चारदा जोरात ओढा. हँडल मागे घसरत असेल तर उलटं फिरू न देणारं बेअरिंग निसटतं आहे. बहुतेकदा त्यात जास्तीचं ग्रीस गेलेलं असतं, आणि थंडीत ते घट्ट झालं की जास्तच निसटतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात विस्कॉन्सिन, मिनेसोटात अचानक मासे सुटू लागले तर हे आधी तपासा.

ड्रॅगच्या चकत्या घरी बदलता येतात: कोणता भाग कोणत्या क्रमानं निघाला याचे फोटो काढत जा. बेअरिंग, दात झिजलेली चाकं किंवा नदीत पूर्ण बुडून वाळू गेलेलं रीळ मात्र उघडू नका. दुरुस्ती केंद्राला पाठवा. छोट्या स्प्रिंगा उडून गेल्या की साध्या सफाईचं काम मोठ्या खर्चाचं होतं.

कुठे थांबायचं, कुणाला बोलवायचं

हुक हातात काट्यापलीकडे रुतला, सांध्याजवळ किंवा बोटाच्या शिरेजवळ गेला, तर ओढून काढू नका. डोळ्याच्या आसपास लागला असेल तर हातच लावू नका. हुक-कटरनं आमिष वेगळं करा, हुक आहे तिथे राहू द्या, काठाला या आणि दवाखाना गाठा. धनुर्वाताच्या इंजेक्शनची तारीखही तिथे सांगा. एक टोक हातात आणि दुसरं माशाच्या तोंडात अशी वेळ येते, तेव्हा मासा धरून ठेवण्याचा प्रयत्न न करता सर्वांत आधी हुक कापायचा. म्हणून जाड हुक एका दाबात कापणारा कटर उजव्या हाताशी, दोरीनं बांधलेला हवा. तो नसेल तर मस्कीसाठी पाण्यात उतरूच नये.

पाणी २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ८० फॅरनहाइटला पोहोचलं की गरवणं थांबवा. गरम पाण्यात दमलेली मस्की पोहत गेलेली दिसते आणि नंतर मरते. तिला मोठं व्हायला कितीतरी वर्षं लागतात. साधा थर्मामीटर दोरीला बांधून सावलीत, हातभर खोल सोडून बघा. थंडीतला नियम तुमच्यासाठी: पाणी १० अंशांच्या खाली असेल तर ड्रायसूटशिवाय (पाणी आत न येणाऱ्या पोशाखाशिवाय) आणि सोबतीशिवाय जाऊ नका. हवा किती उबदार आहे याला महत्त्व नाही. पाणी गढूळ होऊन चढत असेल, वरून ओंडके येत असतील तर त्या दिवशी नदी सोडा. अमेरिकेत यूएसजीएसची (सरकारी भूगर्भ सर्वेक्षण खात्याची) पाणीमापक केंद्रं बऱ्याच नद्यांवर आहेत. निघण्याआधी पातळीचा आलेख बघून घ्या. मस्कीचा मोसम आणि किमान लांबी राज्यागणिक, कधी नदीगणिक बदलते, तेही बघा.

हुक घशात खोल असेल तर पक्कडीनं चाचपडू नका. मासा रबरी जाळीत, पाण्यातच ठेवून प्रत्येक टोक कटरनं कापा आणि तुकडे वेगळे काढा. हुक स्वस्त आहे.

आणि सातही तपासण्या नीट करूनही मासे सुटतच असतील, तर नवं सामान घेऊ नका. त्याच पैशात नदीवरचा मस्की-गाइड एका दिवसासाठी घ्या. काही राज्यांत त्याला परवाना लागतो, तिथे तो आहे का विचारा. त्याच्या बोटीत बसून काही कळणार नाही, कारण तिथे बोट सरकत नाही. तुमची कयाक, तुमचा रॉड आणि तो शेजारच्या कयाकमध्ये, असं ठरवून घ्या. एक फांदी किंवा भरलेली बाटली लाइनला बांधून पाण्यात सोडा, तिच्यावर दहा-पंधरा झटके मारा आणि त्याला तुमच्याकडे न बघता झटक्यानंतरच्या दोन सेकंदांत लाइनकडे बघायला सांगा. ती कधी झुकते ते तो सांगेल.